खुराड्यावरचा मासा

सस्काचेवानच्या मैदानी मुलखात सलग कितव्यातरी वर्षी गव्हाऐवजी धूळच उगवली, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी मदत म्हणून आगगाडीने खारवलेला मासा पाठवला. फळीसारखा कडक. इकडे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. एडनाने मासा तसाच उकडला आणि तो कुत्र्यानेही सोडला. मग तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, उरलेले मासे कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून ठोकले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते हौसेने दाखवायचा.

एका दुपारी मालगाडीतून उतरलेला एक बेकार माणूस दाराशी आला. लाकडं फोडून देतो, काहीतरी खायला द्या, म्हणाला.

"देतो की! आधी आमचं छप्पर बघा, पाहुणे," ऑर्व्हिल म्हणाला. "किनाऱ्यावरच्या शहाण्यांनी धाडलंय. अजिबात गळत नाही! अर्थात, पाऊस कुठे पडलाय म्हणा."

एडना खुदकन हसली. पाहुण्याने मात्र टोपी काढली.

"मालक, त्यातला एक काढून घेऊ?"

"खाणार? अहो, दात पडतील!"

"रात्रभर भिजवला की मऊ होतो. मी तिकडचाच. पाद्रीबाबा म्हणाले, पश्चिमेकडे पोरं उपाशी आहेत. मग सगळ्या गावाने मासे दिले आणि हिवाळाभर घरोघरी नुसत्या मुंडक्यांचं कालवण केलं." त्याने छपराकडे पाहिलं. "इकडच्या बाकीच्या घरांतल्या पोरांनी तरी खाल्ला असेल ना?"

एडना आत गेली. ऑर्व्हिल हातोडी घेऊन शिडी चढला.

खिळे त्याने भलतेच पक्के ठोकले होते.