बेवारस कपडे

रविवार, शिल्पप्रदर्शनाचा शेवटचा दिवस, आणि शिवानी सकाळपासून माशा मारत बसली होती. सुलतान बाजारातला हा गाळा एका लेडीज टेलरचा. तो करोनात गावी गेला, तो परत आलाच नाही. मालकाने गाळा महिनाभर फुकट दिला, एवढंच काय ते नशीब. बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती, पण आत कुणी वळत नव्हतं. वळलंच तर ब्लाउजची शिलाई विचारून निघून जात होतं.

शिल्पं म्हणजे कपडेच. टेलरच्या कपाटात शिवून पडलेले, कुणी न नेलेले. मालक म्हणाला, फेकून दे. शिवानीने ते पातळ प्लास्टरमध्ये बुडवून, आत माणूस असल्यासारखे उभे वाळवले. आत पोकळ. प्रदर्शनाला नाव दिलं, 'बेवारस'.

बाबांनी सिकंदराबादला तिची नोकरी ठरवून ठेवली होती. एक तरी शिल्प कुणाच्या घरी गेलं तर पुढचं बोलू, नाहीतर सोमवारपासून कामावर. मूर्तिकाम बंद. शिवानी मनातून केव्हाच हरली होती. धुगधुगी उरली होती ती एका मुकुंदरावांमुळे.

ते चिक्कडपल्लीहून रोज बसने यायचे. एकाच पंजाबी ड्रेससमोर उभे राहायचे. प्लास्टरखालून त्याची जांभळी फुलं अंधुक दिसत. बाकीच्या शिल्पांकडे ते ढुंकूनही बघत नसत. माझी पिंकी एवढीच उंच, असं एकदा म्हणाले होते. तिलाही आणा की, असं शिवानीने म्हटल्यावर, "ती कुठली येते आता," एवढंच बोलले. मुली लग्न होऊन लांब जातात, हे तिला ठाऊक होतं.

काल त्यांनी विचारलं होतं, "बेटा, धुतलं तर हे पांढरं निघंल का?"

गिऱ्हाईक पारखून घेतंय, असं वाटून ती घाईघाईने म्हणाली, "नाही काका. आता हे जन्मात निघायचं नाही."

मुकुंदराव मान हलवून निघून गेले होते.

आज दुपारी ते आले, हातात कापडी पिशवी घेऊन.

"हा मी घरी नेऊ का?"

शिवानीला रडू आवरेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तिचं काम समजलं होतं. यात तुम्हाला एवढं काय दिसलं, काका, असं तिने डोळे पुसत विचारलं.

 मुकुंदरावांनी पिशवीतून जांभळ्या फुलांची, घडीही न मोडलेली ओढणी काढली, ती त्या पोकळ खांद्यांवर घातली आणि दोन्ही टोकं सारखी केली.