न ओळखण्याचा प्रसंग

“कोण हवंय आपल्याला?” आईनं विचारलं आणि दारात उभा असलेला दिग्दर्शक चाटच पडला. हे वाक्य पटकथेत नव्हतं. तिनं एक पाऊल मागं घेतलं होतं, हात दाराच्या कडेवर गेला होता. भर दुपारी बेल वाजवणाऱ्या परक्या माणसाकडं पाहावं तशी ती त्याच्याकडं पाहत होती, सभ्यपणानं आणि जरा सावध. त्याला क्षणभर स्वतःचं वाक्यच आठवेना. मग तो म्हणाला, “आई, मी आलोय.”

तिचा चेहरा बदलला. आधी डोळे हसले, मग गाल, मग ती सगळीच त्याची आई झाली. कॅमेऱ्यामागं गर्दी करून उभ्या असलेल्या चित्रकारांतून टाळीसुद्धा वाजली नाही. सगळे गार पडले होते.

चित्रपट अस्वलांचा होता. पोराबाळांना घेऊन बघायचा, ॲनिमेशनचा. अशा चित्रपटांत आईचं नशीब ठरलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत तिला स्वर्गात धाडायचं, म्हणजे पोरगं जग पालथं घालायला मोकळं. दिग्दर्शकानं मात्र हट्टच धरला होता, की माझी अस्वलीण शेवटपर्यंत जगणार. लेक मोठा होऊन परत येतो, ती त्याला ओळखत नाही, मग त्याचा आवाज ऐकते आणि ओळखते. सगळा चित्रपट या एका प्रसंगावर उभा होता. निर्मात्यांना तो पटत नव्हता. सोमवारी प्रसंग दाखवा, नाही जमला तर अस्वलीण सुरुवातीलाच मारू, असं त्यांनी अगदी गोड बोलून बजावलं होतं.

अस्वलांना पडद्यावर चालवण्याआधी इथं माणसांना चालवून बघायची पद्धत होती. कुणीतरी प्रसंग करून दाखवायचा, त्याचं चित्रण करायचं आणि ते थांबवत थांबवत चित्रकारांनी अस्वलाचा चेहरा काढायचा. या प्रसंगानं सगळ्यांच्या तोंडाला फेस आणला होता. चित्रकारांनी आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून पाहिली. रंगभूमीवरच्या एका नावाजलेल्या बाईंना बोलावलं, तर ओळखायच्या आधीच त्यांच्या डोळ्यांत पाणी. समोर लेक आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि ते ठाऊक असणं काही केल्या लपत नव्हतं. शेवटी वैतागून दिग्दर्शकानं स्वतःच्या आईला फोन लावला. जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई, शाळेच्या नाटकातही कधी उभी राहिली नव्हती. एक छोटंसं काम आहे, ये, असं म्हणून त्यानं गाडी पाठवली. ती आल्यावर मुद्दाम समोर गेला नाही. चेहऱ्यावरचा ताजेपणा जाऊ नये म्हणून थेट चित्रणाच्या वेळीच दारातून आत आला.

आता आई बाहेरच्या खोलीत चहा पीत बसली होती आणि आत मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा इंच इंच पुढं सरकत होता. चित्रकार खोट शोधत होते. कुठंतरी पापणी आधी हलली असेल, ओठ हसायच्या तयारीत असतील. काही सापडलं नाही. दिग्दर्शकाला गगन ठेंगणं झालं होतं. अस्वलीण वाचली, आता निर्माते कुठल्या तोंडानं नाही म्हणतात ते बघू, असं तो दोनदा म्हणाला. आता तुझी दिग्दर्शकाची खुर्चीही आईलाच देऊन टाक म्हणून एकानं त्याची थट्टा केली, तर तो आनंदानं तयार झाला.

कॅमेरा सांभाळणाऱ्या ताई वयानं मोठ्या होत्या. आईला दारापाशी त्यांनीच उभं केलं होतं. त्यांचं श्रेय त्यांना द्यावं म्हणून तो जवळ गेला.

“ताई, तुम्ही तिला इतकं नेमकं समजावलंत तरी कसं?”

“मी कुठं समजावलं?” ताई वायर गुंडाळत म्हणाल्या. “मी फक्त जागा दाखवली. घरूनच तालीम करून आणलं असशील असं वाटलं मला.”

म्हणजे प्रसंग काय आहे, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं पडद्याकडं पाहिलं. मघाशी ज्या चेहऱ्यात त्याला खोट सापडत नव्हती, त्याच्याकडं आता बघवेना. तो बाहेरच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबला.

आईनं कपावरून मान वर केली. खोलीत लख्ख उजेड होता. तिनं त्याला नीट न्याहाळलं, आपल्याला चहा देणाऱ्या लोकांपैकीच हा एक असावा तशी ओळखीपुरती हसली आणि कप पुढं केला. झालाय म्हणाली, नेलात तरी चालेल.

त्यानं कप घेतला.

“आई,” तो म्हणाला.

ती दचकली. कपाकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं, आणि त्याला कळलंय हे तिला कळलं. कुणीतरी चोरी पकडावी तशी ती ओशाळली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. त्याला तिथंच खाली बसून रडावंसं वाटत होतं.

“डोळे चांगले आहेत रे,” ती हळूच म्हणाली. “सुईत दोरा अजून ओवते. चेहरेच राहत नाहीत. तू घरी येतोस तेव्हा जिन्यातूनच ओरडत येतोस, म्हणून तूच आहेस ते कळतं. ते तेवढं सोडू नकोस. त्याच्यावरच चाललंय माझं.”