पहिल्या तिघींत

"टीव्ही आतच राहू द्या ना वहिनी. वायर पुरत न्हाई," माणिकप्पा म्हणाले.

"पुरवा. त्यांच्यासमोर ठेवा," लक्ष्मम्मा म्हणाली.

धाकट्या दिरानं शेजारून लांब वायर आणली. टीव्ही ओसरीवर आला, स्टुलावर, तिच्या नवऱ्याच्या, ईश्वरप्पांच्या बरोबर समोर. ते भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. कोरं धोतर, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. डोळे मिटलेले. घरात काही मनाविरुद्ध झालं की गेली तीस वर्षं ते असेच डोळे मिटून बसत.

अंगण सकाळपासून माणसांनी भरलं होतं. शर्यतीची वेळ झाली तशी मठाच्या भजनी मंडळींनी टाळ खाली ठेवले. थोरला मुलगा रुद्रेश मोबाईल टीव्हीला जोडत होता.

लेक दामिनी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकली, तेव्हा भोपळा तिच्या पाठीला ईश्वरप्पांनीच बांधला होता. पण ती पुण्याला जाऊन उताणं पोहण्याच्या शर्यती मारू लागली आणि त्यांचं बिनसलं. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांच्या शब्दाला वजन. "चारचौघांसमोर पोरीनं उताणं पडायचं?" ते म्हणाले होते. पोरगीही त्यांचीच. तिनं बॅग उचलली. तेव्हा ते उंबऱ्यातून म्हणाले, "साऱ्या देशांच्या पोरींत पहिल्या तिघींत येऊन दाखव. मग मी होऊन बोलीन. तवर तुझा माझा बोल बंद."

तीन वर्षं बंद. दिवाळीला ती यायची, त्यांच्यापुढं तांब्या ठेवायची. ते पाणी प्यायचे आणि भिंतीकडं बघायचे.

आज सकाळी जपानातून तिचा फोन आला होता.

"अव्वा, फायनलला पोचले. अप्पा कुठं हायत?"

"ओसरीवर बसलेत."

"अजून राग हाय?"

लक्ष्मम्मानं पदराचं टोक मुठीत धरलं. "न्हाई बाई. आता राग न्हाई."

"बघतील माझी शर्यत?"

"मी ठेवते त्यांना बसवून. तू दुसरं काई डोक्यात आणू नको."

फोन ठेवून तिनं घरातल्या एकेकाकडं पाहिलं होतं. "शर्यत होईस्तोर अप्पांविषयी तिच्यापाशी कुणी चकार शब्द काढायचा न्हाई." कुणी काढला नाही.

"साडेतीन झाले वहिनी," माणिकप्पा हळूच म्हणाले. "मठाचे स्वामी विचारून राहिलेत, अजून किती वेळ?"

"पोरगी पाण्याबाहेर आल्याबिगर हितून कुणी उठायचं न्हाई."

पडद्यावर निळं पाणी आलं. आठ पोरी दांडीला धरून पाठमोऱ्या लोंबकळल्या.

"आपली कंची?" शेजारची गुणाबाई पुढं सरकली. "सगळ्यांच्या डोक्यावर तसल्याच टोप्या."

"कडंची, आठवी," रुद्रेश म्हणाला.

"अन् उताणं जायचं तर भिंत कशी दिसती रे? डोकं आपटंल की लेकराचं."

"दिसत न्हाई, मावशी. वर दोरीला झेंडे लावलेत ना, ते डोक्यावरून गेले की हात मोजायचे. मोजून भिंत धरायची."

"आंधळा कारभार," गुणाबाई पुटपुटली.

भोंगा वाजला. आठ कमानी एकदम मागं वळल्या आणि पाण्यात शिरल्या. चार फेऱ्यांची शर्यत. पहिली फेरी झाली तेव्हा दामिनी सहावी होती. दुसरीला पाचवी. हात वर जायचा, कानामागं पाण्यात उतरायचा, पुन्हा वर. जात्यावरच्या हातासारखा, न थांबता. लक्ष्मम्माच्या ओठांतून आपोआप ओवी उतरली, इतकी हळू की बाजूच्या गुणाबाईलाच ऐकू आली.

पाण्यावरी लेक माझी, तोंड आभाळाच्या कडं
पुढं काय गं वाढलंय, तिला दिसंना तेवढं

गुणाबाईनं तोंडाला पदर लावला.

तिसरी फेरी. चौथी. ती चौथ्या जागी आली. शेवटचे झेंडे डोक्यावरून गेले. रुद्रेश बोटांवर मोजायला लागला, एक, दोन, तीन. चौथ्या हाताला तिनं भिंत मारली.

पडद्यावर नावं उमटली. दामिनीचं तिसरं. सात शतांश सेकंदांनी.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळं अंगण ईश्वरप्पांकडं बघत होतं. ईश्वरप्पा काही बोलले नाहीत.

थोड्या वेळानं फोन वाजला. तिला अजून धाप लागलेली होती.

"अव्वा, तिसरी आले. बघितलं ना? अप्पांना दे. त्यांनी शब्द दिलाय."

लक्ष्मम्मा गुडघ्यांवर सरकत नवऱ्याजवळ गेली. फोन त्यांच्या कानाशी धरला.

"अप्पा," पोरीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "लई नगं. नुसतं 'हो' म्हणा."

दूरवर तिच्या मागं कुणाची तरी नावं पुकारली जात होती. इथं अंगणात शेळीच्या गळ्यातली घंटी तेवढी हलली.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्यापाशी शब्द न्हाई, माझ्यापाशी हाय. मी उद्या येते. पायावर डोकं ठेवते, तवा तरी बोलाल."

लक्ष्मम्मानं फोन आपल्या कानाला लावला. "वल्या अंगानं उभी राहू नको बाई. जा, पदक गळ्यात पडू दे आधी. मग करते मी फोन."

तिनं फोन बंद केला आणि पदराखाली धरला.

"बघितली त्यांनी," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "आता न्या."

माणिकप्पांनी भावाच्या छातीवरून भिंतीतल्या खुंट्यांना बांधलेली पट्टी सोडली. काल सांजेला प्राण गेल्यावर रीतीप्रमाणं ताठ बसवलेले ईश्वरप्पा अलगद एका अंगाला कलले, आणि मळ्यात खणलेल्या समाधीकडं न्यायला चौघांनी त्यांना तसंच मांडीनिशी उचललं.