पाहणीचा दिवस

"आज कुठलंच काम चालणार नाही, मावशी. पुढची तारीख घ्या," कोर्टाचा शिपाई म्हणाला.

द्रौपदाबाईने फाटकाकडे पाहिलं. तिथे रिक्षा उभी होती. रिक्षात झुलाल आबा बसले होते, नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. डॉक्टरच्या हातापाया पडून तिने त्यांना एरंडोलच्या दवाखान्यातून चार तासांसाठी आणलं होतं. तिच्या मुलाला, आकाशला, वाळूच्या डंपरखाली घातलं, ते पाहणारा आता जगात हा एवढा एकच माणूस उरला होता. दुसरा साक्षीदार तारखांना येता येता गेल्या उन्हाळ्यात वारला.

"का नाही चालणार? जजसाहेब आलेत की."

"आलेत. पण दिल्लीहून खासदारांची समिती येतेय. खटले का रखडतात, कोर्टांना काय कमी पडतं, त्याची पाहणी करायला. सगळे त्याच्याच तयारीत आहेत. आजची सगळी कामं पुढे ढकलली."

द्रौपदाबाईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या लक्षात आलं, की नीटच ऐकलं.

आकाश गावचा कोतवाल होता. तहसीलमधून फोन आला, नदीतून वाळू चाललीय, गाडी अडव. तो जेवणावरून उठून गेला आणि भर दुपारी गिरणेच्या पात्रात मेला. त्याला नऊ वर्षं झाली. दोन वर्षं कोर्टाला जज नव्हता. जज आला तेव्हा सरकारी वकील नव्हता. वकीलबाई आल्या, तर त्यांच्याकडे तीन कोर्टं. मागच्या खेपेला दोघं होते, पण साक्ष टाइप करायला माणूस नव्हता. आज जज होते, वकील होत्या, टाइपिस्ट होता, आबा होते.

सरकारी वकील चारुलता फायली छातीशी धरून जिन्यावरून उतरल्या. द्रौपदाबाईची नजर चुकवता आली नाही.

"मी सकाळीच अर्ज दिला होता," त्या म्हणाल्या. "साक्षीदार आजारी आहे, निदान त्याची साक्ष घ्या म्हणून. नामंजूर झाला."

"ताई, तुम्ही सरकारच्याच ना? माझा आकाशबी सरकारचाच होता."

चारुलता फायली सावरत वळल्या. त्यांना आत बोलावणं आलं होतं.

व्हरांड्याला फिनाइलचा वास येत होता. कठड्यावर फुलांच्या कुंड्या होत्या. वर्षानुवर्षं कुलूप असलेला बायकांचा संडास आज उघडा होता. पोलिसाने बाकावरच्या लोकांना उठवून इमारतीच्या मागे पाठवलं. द्रौपदाबाई मागे गेली नाही. ती खांबाआड उभी राहिली. पलीकडच्या खांबाला टेकून भटू उभा होता. डंपर चालवणारा तोच. तो जामिनावर होता आणि तारीख घ्यायला आला होता. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मोबाइल काढला.

गाड्या आल्या. पाच-सहा जण उतरले. चष्मा लावलेल्या एका वयस्कर खासदारांनी चालता चालता विचारलं, "इथली मुख्य अडचण काय?"

सोबतचा अधिकारी तयारच होता. "साक्षीदार वेळेवर येत नाहीत, सर."

 द्रौपदाबाई खांबाआडून सरळ त्यांच्यासमोर गेली.

"आलाय. साक्षीदार आलाय."

पोलिसाने तिचा दंड धरला. खासदारांनी हाताने त्याला थांबवलं. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. मग म्हणाले, "बाई, तुमचं दुःख समजतं. पण आम्हाला एखाद्या खटल्यात पडता येत नाही. आम्ही यंत्रणा कशी चालते ते पाहायला आलोय."

"मग पाहा ना, साहेब. ती यंत्रणा तिथं रिक्षात नळी लावून बसलीय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रिक्षा रिकामी होती. आबा नळी काढून, रिक्षावाल्याच्या खांद्याला धरून, पायरीपर्यंत आले होते. एकेका शब्दाला धाप लागत होती, तरी ते अहिराणीत बोलू लागले.

"मी झुलाल. नदीमा मन्ही टरबूजनी वाडी व्हती. आकाश हात आडवा करीसन उभा व्हता. गाडीमा भटू व्हता. त्यानी गाडी आंगवर घाली. पोऱ्या खाले पडना." ते थांबले. श्वास घेतला. "मंग त्यानी गाडी मांगे लिधी, आनि आखो एकदाव घाली. बठ्ठं मन्हा डोयासमोर झायं."

गाडी मागे घेऊन पुन्हा अंगावर घातली, हे व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकलं. भटूचा मोबाइल हातातच राहिला होता. समितीबरोबरच्या कारकुनाने वही उघडली होती, पेनाचं टोपणही काढलं होतं. त्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने किंचित नकारार्थी मान हलवली. कारकुनाने टोपण लावलं.

"या आजोबांना पाणी द्या," खासदार म्हणाले, आणि सगळे आत गेले.

शिपायाने पाणी आणलं आणि तारखेची चिठ्ठीही. तीन महिन्यांनंतरची होती. द्रौपदाबाईने ती घेतली नाही. तिने आणि रिक्षावाल्याने आबांना उचलूनच रिक्षात बसवलं. तिने नळी त्यांच्या नाकात घातली. आबांचे ओठ काळेनिळे पडले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"लिखं ना त्यास्नी?"

खोटं सांगणं सोपं होतं. रिक्षावाल्यानेही तिला डोळ्याने तेच खुणावलं.

"नही लिखं, आबा," द्रौपदाबाई म्हणाली.

आबांनी कोर्टाकडे पाहिलं. मग त्यांनी नाकातली नळी पुन्हा काढली आणि एक पाय रिक्षाबाहेर टाकला.

"मंग मी आखो एकदाव सांगस," ते म्हणाले. "धर माले."

द्रौपदाबाईने त्यांना धरलं.