डाव्या पायडलचा आवाज

सालेकशाच्या शाळेत मला मास्तरणीची नोकरी लागली आणि मी जुनी सायकल घेतली. तिचे डावे पायडल खाली आले की ‘टक्’ वाजायचे.

"वाजत्या सायकलीवर सून निघाली तं गाव हासन," सासूबाई म्हणाल्या. "आवाज गेला तं जाय. नाई तं घरी राय."

दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचे होते. बैलगाड्या दुरुस्त करणारे बिसरामभाऊ मदतीला आले. आम्ही सायकल अंगणात उलटी ठेवली, साखळी काढली, छर्रे पुसले, मोहाच्या बियांचे तेल सोडले. मी डावे पायडल काढून पुन्हा घट्ट बसवले. हाताने फिरवले, तरी आवाज डावीकडेच.

"बाई, बैलगाडी कुरकुरते, पण कारण सांगून कुरकुरते," बिसरामभाऊ म्हणाले. "हे कायले वाजून रायली?"

"सरका," म्हणत सासूबाईंनी पायडल धरून गरकन फिरवले. एकदाच मोठ्याने ‘टक्’ झाले. मग मी कितीही फिरवले, तरी आवाज नाही.

"सासूले भेली!" बिसरामभाऊ ओरडले. आम्ही पोट धरून हसलो.

"जाय पोरी, शिकव लेकरायले," म्हणत सासूबाई खुशीत चहा ठेवायला वळल्या.

त्या अनवाणी होत्या. अंगण शेणाने सारवलेले, मऊ होते. त्यांचे डावे पाऊल टेकले आणि लोखंडावर लोखंड आपटावे तसे ‘टक्’ वाजले.

बिसरामभाऊंनी आधी सायकलकडे, मग त्यांच्या पावलाकडे पाहिले.

"काऊन गप झाले दोघंही?" त्यांनी मागे वळून हसत विचारले आणि पुन्हा चालू लागल्या. उजवे पाऊल मुकाट पडले. डावे त्यांनी उचलले होते.