मोहावरची गाठ

गिरजा जीपमधून उतरली. घनश्यामनं पुढं केलेला हात तिनं धरला नाही. याच हातानं त्यानं तिला एकदा चिमूरच्या गाडीत बसवून माहेरी धाडलं होतं, ते कायमचंच.

देवळाच्या पायरीवर तिची सासू नीलाबाई बसली होती. पहिल्या सुनेला पाहून तिनं तोंड फिरवलं. दुसरी सून दामिनी कोरीव खांबाला टेकून उभी होती. तिच्या खांद्यावर वर्षाचा निकेश तापानं मलूल होऊन पडला होता.

"आली का महाराणी," नीलाबाई खांबाकडं पाहून म्हणाली.

"बोलावलं म्हून आली, बाई." पूर्वी गिरजा तिला माय म्हणायची.

गडचिरोलीच्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. पोराचा ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शेवटी पुजारी लालसू म्हणाला, "तुमच्या घरचा नवस मोहाले बांधून हाये, तो फेडा." देवळातल्या मातेची रीत तिथल्या दगडांइतकी जुनी होती. लेकरासाठी नवस बोलणारीनं आपल्या लुगड्याची चिंधी देवळामागच्या मोहाच्या झाडाला बांधायची आणि लेकरू झालं की ती गाठ तिनंच सोडायची, दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे. लुगडं गिरजाचं होतं. गाठही तिचीच. लेकरू तेवढं दामिनीला झालं होतं.

सगळे देवळामागं गेले. मोहाची शिळी फुलं पायाखाली चिरडली जात होती. फांद्यांवर विटलेल्या चिंध्याच चिंध्या. गिरजानं आपली चिंधी लगेच ओळखली, लग्नातल्या लुगड्याचा हिरवा काठ होता तो. तिनं हात वर केला.

"थांब बाई," लालसू म्हणाला. "काय मांगतलं होतं ते आधी बोल. मांगतलं ते भेटलं, असं बोलल्याबिगर गाठ सोडाची नाई."

"माझ्या ओटीत लेकरू दे, असं मांगतलं होतं."

"खोटं!" नीलाबाई ओरडली. "घरात पाळणा हालू दे, असं बोलली होती. मी बाजूलेच होती."

"तसं तुमी बोलल्या होत्या, बाई. मी माझ्यापुरतंच मांगतलं."

"मंग भेटलं का तुले?" लालसूनं विचारलं.

गिरजानं पदर पसरला. "तुमीच पाहा ना."

मग घनश्याम पुढं आला. "गिरजा, लेकराच्या जिवाचा प्रश्न हाये. एक शब्द खोटा बोलली तं काय बिघडते?"

"तुमाले जमते ते. मले नाई जमत."

"पाहा, पाहा!" नीलाबाईनं कपाळ बडवलं. "पोरगं मराची वाट पाहून राह्यली. वांझोटी ते वांझोटीच!"

पसरलेला पदर गिरजानं आवरला नव्हता. दामिनी फुलं तुडवत सरळ तिच्यासमोर आली आणि तिनं निकेशला त्या पदरात टाकलं.

"दामिनी! तिच्या ओटीत नको!" नीलाबाई किंचाळली.

"टाकलं," दामिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. नुसता संताप होता. "भरली ना आता ओटी? सोड गाठ."

गिरजाच्या कमरेला एकदम हिसका बसला. पोराचं अंग लुगड्यातून भाजत होतं. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि गाठीला हात घातला. उन्हापावसानं गाठ लाकडासारखी झाली होती. नख तुटलं तशी तिनं फांदी खाली ओढून दात लावले. धूळ तोंडात गेली.

"भेटलं," ती म्हणाली. गाठ सुटली.

लालसूनं हात जोडले. दामिनीनं हात पुढं केले. "आण."

गिरजा हलली नाही. "काऊन? मातेनं मले देल्लं ना आता?"

घनश्यामनं तिचा दंड धरला. तिनं नुसतं त्या हाताकडं पाहिलं, तसा त्यानं तो सोडला. नीलाबाई लालसूच्या अंगावर धावून गेली. "सांग ना तिले काही!" लालसू दोन पावलं मागं सरला.

दामिनीचे हात तसेच पुढं होते. निकेश रडायला लागला, आणि त्या रडण्यासरशी तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग पसरले. गिरजा त्या डागांकडं पाहत राहिली. मग तिनं कमरेचा पदर सोडला आणि लेकरू दामिनीच्या हातात दिलं.

"तुह्या सासूवर उपकार नाई करून राह्यली मी," ती म्हणाली. "आन तुमी सगळे ऐका. मातेसमोर माझी ओटी भरली. यापुढं मले वांझोटी म्हणान तं जीभ झडन."

ती सडकेकडं चालू लागली.

"मातेचं पाणी टाकू दे पोरावर," मागून नीलाबाईचा आवाज आला. "कोनाकोनाचा हात लागला त्याले!"

पितळी तांब्या दगडांवर आपटून घरंगळत गेला. "दूर व्हा," दामिनी ओरडली. "काही टाकू नका. पेऊ द्या त्याले."

गिरजानं वळून पाहिलं नाही. गाडी येईपर्यंत ती सडकेच्या कडेला उन्हात उभी राहिली. पदर लेकराच्या मुतानं ओला झाला होता. तिनं तो पिळला नाही.