बापाचं वय

अंबाबाईची आण घेऊन, चारचौघांत वरडून सांगते, ह्यातला शब्द न शब्द खरा हाय. खोटा निघाला तर सणादिवशी माझ्या ताटातला मटणाचा तुकडा मांजरानं न्यावा. म्हातारी बाई मी, आता खोटं बोलून कुठं जाऊ?

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "वडिलांचं वय?" आणि अमरसिंहाची जीभ टाळूला चिकटली.

राजारामपुरीतला दवाखाना. अमरसिंहाचं पोरगं राजवीर, पाच वर्सांचं, टेबलाखाली बसून पंख्याचा आवाज काढत हुतं. इतका हुबेहूब की लोकांना गार वाटत हुतं. बोलायचा तो एकच शब्द, "लाली". लाली म्हंजे घरची म्हैस. आईला बी लाली, पाण्याला बी लाली. कितीतरी दिवस तपासण्या चालल्यावर आज डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पोरगं ऑटिस्टिक हाय. त्याचं डोकं निराळ्या वाटंनं चालतंय. शिकवाय लागंल, दमानं.

तानाबाईला, म्हंजे अमरसिंहाच्या आईला, ह्यातलं काय ऐकायचंच नव्हतं.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. छत्तिसाव्या वर्सी बाळंत झाल्यावर पोर असंच हुणार की."

'हिला' म्हंजे सुनेला, निशिगंधाला. लुळ्या पडलेल्या बापाचं अंथरूण काढता काढता तिच्या लग्नाला चौतिसावं उजाडलं. राजवीर बोलंना झाल्यापासनं हा टोमणा सकाळच्या धारंच्या आधी घरात यायचा. पाप फिटावं म्हणून सासूनं तिला चप्पल सोडाय लावली. दोन वर्सं बाई गोठ्यात अनवाणी, बाजारात अनवाणी, जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी. टाचांच्या भेगा अशा की जोंधळा पेरला असता तर कणीस आलं असतं. उलट शब्द न्हाई. भांडायला बी अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

"वयाचा थोडा संबंध दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पण एकट्या आईच्या वयाचा नाही, वडिलांच्याही. आणि थोडाच. मोठ्या वयात झालेली बहुतेक मुलं ऑटिस्टिक नसतात, आणि तरुण आईबापांचीही असतात. राजवीरचं कशामुळं, ते वयावरून कुणीच सांगू शकत नाही. यात दोष कुणाचाच नाही, आजी. पण तुम्ही मघापासून आईचंच वय सांगताय. वडिलांचं वय?"

आता अमरसिंहाचं वय ही काय चीज हाय ते ऐका. म्हशींचा दलाल तो. हल्ली शेणात हात घालणाऱ्याला पोरगी देतंय कोण? स्थळं बघता बघता सेहेचाळीस भरली. तवा मायलेकरांनी मिळून आठ वर्सं गिळली आणि अडतीस सांगून लग्न उरकलं. तवापासनं तो दर आइतवारी मिशीला कलप फासतोय. एकदा पावसात भिजला, तर गल्लीतलं पाणी पार पंचगंगेपतोर काळंभोर गेलं. बायकोला टोमणा बसला की हा वैरणीचं निमित्त काढून बाहेर पडायचा. खरा आकडा जिभंवर यायचा आणि तिथंच बूड टेकायचा. ह्याला बी आता त्या आकड्याचं ओझं सोसंना झालं हुतं.

दवाखान्यात वैरण कुठली? त्यानं बायकोच्या टाचांकडं बघितलं. तिला जन्मभर असंच चालाय लावायचं, का गिळलेली वर्सं ओकायची, एवढाच सवाल हुता.

"त्रेपन्न," तो म्हणाला.

"आरं, डोकं फिरलं का?" तानाबाई खेकसली. "पंचेचाळीस की."

निशिगंधा खाली वाकून राजवीरच्या केसांतनं हात फिरवत हुती. तिनं मान बी वर केली न्हाई. "त्रेपन्नच, आत्ती."

"तुला कसं ठावं?" अमरसिंहानं विचारलं.

"म्हशीवाल्याची लेक हाय मी. मला बघाय आलासा तवा चिवडा खाताना तुमचं दात बघितलं. शिंगं घासून, तेल लावून जनावर तरणं दाखवता येतंय. दात कुठं लपत्यात?"

"मग इतकी वर्सं गप का बसलीस?"

"तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

राजवीरचा पंखा तेवढा फिरत राहिला.

निघताना निशिगंधा दाराशी आली. तिथं सासूच्या चपला हुत्या, कोऱ्या, करकरणाऱ्या, कापशी गावच्या चामड्याच्या. तिनं त्यात निवांत पाय सरकवलं, राजवीरला काखंला मारलं आणि जिना उतरली. तिच्या मागं तानाबाई तापलेल्या डांबरावर एकेक पाय उचलत, रिक्षापतोर. रिक्षावाला विचारतोय, "आज्जी, चप्पल चोरीला गेली व्हय?"

तुम्हाला वाटंल, चपलंचं मी म्हातारीनं पदरचं घातलं. न्हाई वो. चप्पल खरी, टाचा खऱ्या, दात बी खरं. कलपाचं पाणी नदीपतोर गेलं ते बी खरं, नसंल पटत तर जावा, नदीला इचारा. मी पदरचं घातलंय ते एकच. बाप्या माणसाची थोडी अब्रू राहावी म्हणून तेवढं त्याच्या तोंडात घातलं. अमरसिंह दवाखान्यात बी फरशीच बघत बसला हुता.

पयलं "त्रेपन्न" बी निशिगंधाच बोलली.